तिसऱ्या गटातले उंदीर

मार्च १९५७ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचं एक टिपण आहे. लेखक चार: लिऑन जेकबसन, युजीन गोल्डवॉसर, वॉल्टर फ्राइड आणि लुई प्लझाक. तांबड्या रक्तपेशी तयार होण्यात मूत्रपिंडाचा वाटा काय, एवढाच त्याचा विषय. रसग्रहण आपण कवितेचं करतो, बंदिशीचं करतो. एखाद्या प्रयोगाचंही तितक्याच आस्थेनं करता येतं, नव्हे करायला हवं, असं हे टिपण वाचताना मला दर वेळी वाटतं. त्यात एकही अलंकारिक वाक्य नाही. त्याचं सौंदर्य आहे ते मांडणीत, आणि त्यातही उंदरांच्या एका गटात.

किडनीचा जुना रुग्ण फिकट, पांढरट दिसतो, ही गोष्ट डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ सालीच ती नोंदवून ठेवली आहे. कारण मात्र सगळ्यांनी आपापल्या परीनं गृहीत धरलं होतं. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की युरियासारखी टाकाऊ द्रव्यं रक्तात साचतात, या विषानं अस्थिमज्जा मंदावते, म्हणून रक्त होत नाही. ऐकायला हे इतकं सरळ आहे की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटलं नाही.

दुसरीकडे, शरीरात रक्त वाढवणारं काहीतरी द्रव्य फिरतं, हा विचारही जुनाच. १९०६ मध्ये पॅरिसच्या कार्नो आणि देफ्लांद्र यांनी रक्तस्राव घडवलेल्या सशाचं सीरम दुसऱ्या सशाला टोचलं आणि त्याच्या तांबड्या पेशी वाढल्याचं सांगितलं. इतरांना ते पुन्हा करून दाखवता येईना, त्यामुळे गोष्ट मागे पडली. १९५० मध्ये कर्ट राइसमन यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेनं अशा जोडल्या की दोघांमध्ये रक्ताची देवाणघेवाण व्हावी. मग जोडीतल्या एकालाच विरळ हवेत श्वास घ्यायला लावला. दुसरा साध्या हवेत आरामात होता, तरी अस्थिमज्जा दोघांचीही कामाला लागली. म्हणजे निरोप रक्तातूनच जात होता. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव्ह यांनी रक्तस्राव झालेल्या सशांचा प्लाझ्मा भरपूर प्रमाणात देऊन हा निरोप असल्याचं पक्कं केलं. प्रश्न उरला तो निरोप धाडणारा कोण, हा.

शिकागोची मंडळी इथे येतात. जेकबसन रक्ताचे डॉक्टर; युद्धकाळात अणुबाँब प्रकल्पातल्या माणसांच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. गोल्डवॉसर जीवरसायनशास्त्रज्ञ. जेकबसननी १९५५ च्या सुमारास त्यांना हे द्रव्य शोधून काढायला सांगितलं, आणि काही महिन्यांत काम उरकेल असं गोल्डवॉसरना वाटलं होतं. फ्राइड आणि प्लझाक तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी. पद्धत साधी होती. उंदराच्या शरीरातला एकेक अवयव काढायचा, मग त्याला रक्तस्राव घडवून किंवा कोबाल्ट टोचून रक्तवाढीसाठी डिवचायचं, आणि काही तासांनी त्याचा प्लाझ्मा काढून दुसऱ्या उंदराला द्यायचा. या दुसऱ्या उंदराची स्वतःची रक्तनिर्मिती आधीच मंदावलेली असे. त्याच्या नव्या तांबड्या पेशींत किरणोत्सारी लोह किती शिरलं यावरून प्लाझ्मात निरोप होता की नाही ते कळे. एकेक अवयव काढूनही निरोप येतच राहिला. दोन्ही मूत्रपिंडं काढली, आणि निरोप थांबला.

साधा संशोधक इथेच थांबला असता, आणि त्याला दोषही देता आला नसता. अवयव काढला, परिणाम गेला, म्हणजे तो अवयवच कारण. पण मूत्रपिंड हा काही प्लीहेसारखा, काढला तरी गाडी चालू राहील असा अवयव नव्हे. दोन्ही मूत्रपिंडं गेलेल्या उंदराच्या रक्तात त्याच क्षणापासून विष साचू लागतं. तो दोन-चार दिवसांचा सोबती. अशा मरणपंथाला लागलेल्या जनावरानं निरोप धाडला नाही, यात नवल ते काय? ती जुनी समजूत, विषामुळे रक्त होत नाही, इथे जशीच्या तशी परत येऊन उभी राहते. आणि प्रयोगाचं उत्तर त्या समजुतीच्या बाजूनंही वाचता येतं.

म्हणून तिसरा गट. या उंदरांची मूत्रपिंडं काढली नाहीत. त्यांच्या मूत्रवाहिन्या, म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या दोन नळ्या, तेवढ्या बांधून टाकल्या. आता लघवीला वाट नाही. विष रक्तात तसंच साचणार, उंदीर तितकाच आजारी होणार. फरक एकच: मूत्रपिंडाचा मांसल गोळा जागेवर आहे, त्यातून रक्त वाहतं आहे. विष हे कारण असेल तर या उंदरांनाही निरोप धाडता येऊ नये. त्यांना डिवचलं, आणि त्यांच्या प्लाझ्मात निरोप सापडला.

मला या टिपणातली ही जागा सर्वांत सुंदर वाटते. एका धाग्याच्या दोन गाठींनी मूत्रपिंडाची दोन कामं वेगळी केली. गाळण्याचं काम थांबवलं आणि दुसरं, ज्याचं अस्तित्वही कुणाला धड माहीत नव्हतं, ते चालू ठेवलं. यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. लागला तो आपल्याच निष्कर्षावर शत्रूच्या बाजूनं हल्ला करून पाहण्याचा स्वभाव. आपल्याला हवं ते उत्तर हातात पडल्यावर ‘हेच उत्तर दुसऱ्या कुठल्या कारणानं मिळालं असतं?’ असं विचारणं फार थोड्यांना जमतं. विज्ञानाच्या पुस्तकांत ‘नियंत्रित गट’ ही संज्ञा आपण पाठ करतो आणि परीक्षेत दोन गुण मिळवतो. तिच्यात किती नैतिक ताकद आहे ते इथे दिसतं.

कोबाल्टबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. कोबाल्ट दिला की तांबड्या पेशी वाढतात हे तेव्हा ठाऊक होतं. का वाढतात ते नव्हतं. उत्तर मिळायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. प्राणवायू पुरेसा असेल तर काही एन्झाइमं त्यावर एक खूण चिकटवतात, ती खूण व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ओळखतं, आणि एचआयएफची तत्काळ विल्हेवाट लागते. खूण चिकटवणाऱ्या या एन्झाइमांना प्राणवायू लागतो, आणि लोहही लागतं. प्राणवायू कमी पडला की खूण लागत नाही, एचआयएफ जगतं आणि रक्तवाढीच्या निरोपाचं जनुक चालू करतं. कोबाल्ट या यंत्रणेतल्या लोहाच्या कामात अडथळा आणतो, त्यामुळे प्राणवायू भरपूर असूनही पेशीला तो कमी आहे असं वाटतं. ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना याच यंत्रणेसाठी २०१९ चं नोबेल मिळालं. रॅटक्लिफ मूळचे किडनीचे डॉक्टर, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. १९५७ च्या चौघांनी ज्या किल्लीनं कुलूप उघडलं, तिचे दाते कसे आहेत ते त्यांना माहीत नव्हतं. पण किल्ली बरोबर होती.

आता टिपणाची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण रसिकानं डोळे मिटून दाद देऊ नये. मूत्रपिंड नसेल तर निरोप येत नाही, एवढंच या प्रयोगानं सिद्ध होतं. मूत्रपिंड स्वतः तो निरोप बनवतं, हे सिद्ध होत नाही. कदाचित ते दुसऱ्याच अवयवात बनलेल्या कच्च्या मालाला शेवटचा हात देत असेल. पुढच्या वीस वर्षांत बऱ्याच जाणत्यांनी असंच मानलं, कारण मूत्रपिंडाचं ऊतक कितीही वाटलं तरी त्यातून हे द्रव्य, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, धड हाती लागेना. मूत्रपिंड त्याचा साठाच करत नाही; गरज पडली की बनवतं आणि लगेच रक्तात सोडतं. १९८० च्या दशकात मूत्रपिंडाच्या पेशींतच त्याच्या जनुकाचा संदेश-आरएनए सापडला आणि वाद मिटला. त्या पेशी मूत्र गाळणाऱ्या नाहीतच. त्या मूत्रनलिकांच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत, केशवाहिन्यांना लागून बसलेल्या असतात. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात हीच जागा व्रणासारखी घट्ट होत जाते आणि या पेशी आपलं काम विसरतात. थोडं एरिथ्रोपोएटिन यकृतही बनवतं, पण प्रौढ माणसाची गरज त्यानं भागत नाही.

रक्त किती आहे हे मोजण्याचं काम मूत्रपिंडाकडेच का, यालाही एक देखणं उत्तर आहे. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या एका टक्क्याहूनही कमी, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्यातून जातो. तिथे प्राणवायू खर्च होतो तो मुख्यतः गाळलेलं मीठ परत ओढून घेण्यात. रक्तप्रवाह वाढला तर गाळणं वाढतं, मीठ वाढतं, खर्चही वाढतो. प्रवाह घटला तर खर्च घटतो. म्हणजे प्रवाहाच्या चढउतारांचा हिशेब आपोआप जुळून जातो, आणि ऊतकातला प्राणवायू हलतो तो प्रामुख्यानं रक्तात हिमोग्लोबिन किती आहे त्यानुसार. स्नायूत किंवा त्वचेत ही सोय नाही.

निरोप पोचल्यावर अस्थिमज्जेत काय घडतं तेही वाचण्यासारखं आहे. तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी तिथे रोज गरजेपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं तयार होतात, आणि एरिथ्रोपोएटिन मिळालं नाही तर आपसूक मरून जातात. म्हणजे हे संप्रेरक पेशींना वाढायला भाग पाडण्यापेक्षा त्यांना मरू देत नाही. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी जन्मतात, त्या या अभयावर. डायलिसिसवरच्या माणसात पूर्वज पेशी असतात, अस्थिमज्जा असते, पण अभय देणारं कुणी नसतं.

आणि तरीही हा माणूस जगतो, हिमोग्लोबिन सातवर आलेलं असताना जिना चढतो. याचं श्रेय ज्याला द्यायला हवं ते खुद्द तांबड्या पेशीच्या पोटात आहे, आणि इथे मला दुसऱ्या एका शोधाकडे वळणं भाग आहे.

तांबडी पेशी ही विलक्षण त्यागी गोष्ट. तिनं केंद्रक टाकून दिलं आहे, मायटोकाँड्रिया टाकून दिल्या आहेत. प्राणवायू ती वाहते, पण स्वतः वापरत नाही; ऊर्जा मिळवते ती केवळ ग्लुकोज आंबवून. ती ऊर्जा अगदी तुटपुंजी. या ग्लुकोजच्या वाटेवर मध्येच एक आडवाट फुटते. सरळ वाटेनं गेलं तर एटीपीचा एक रेणू हाती येतो. आडवाटेनं गेलं तर तो बुडतो, आणि त्याऐवजी २,३-बायफॉस्फोग्लिसरेट, थोडक्यात बीपीजी, तयार होतं. ज्या पेशीची कमाईच मुळात एवढीशी, तिनं हा तोटा का सोसावा? या द्रव्याची भरमार रक्तपेशीत आहे हे १९२५ पासून माहीत होतं. चार दशकं ते पाठ्यपुस्तकांत निमूट पडून होतं.

१९६७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या राइनहोल्ड आणि रूथ बेनेश या दांपत्यानं, आणि स्वतंत्रपणे व्हर्जिनियात आल्फ्रेड चानुटिन व रिचर्ड कर्निश यांनी, उत्तर दिलं. शुद्ध, धुऊन काढलेलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं, पटकन सोडत नाही. त्यात बीपीजी मिसळलं की ते सैल सोडू लागतं. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं; त्याच्या मधोमध एक पोकळी. प्राणवायू नसताना ही पोकळी रुंद असते, आणि तिच्या कडांवर धनभारित अमिनो आम्लं असतात. ऋणभारानं लादलेलं बीपीजी तिथे पाचरीसारखं बसतं आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू नसलेल्या स्थितीतच रोखून धरतं. प्राणवायू धरायचा तर पोकळी आवळावी लागते, पाचर बाहेर फेकावी लागते. म्हणून बीपीजी जितकं जास्त, तितका प्राणवायू ऊतकांत उतरणं सोपं. गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये या जागी हिस्टिडीनऐवजी सेरीन असतं, पाचर नीट बसत नाही, त्यामुळे बाळाचं रक्त आईच्या रक्ताकडून प्राणवायू ओढून घेऊ शकतं. एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीत निसर्गानं केवढी सोय करून ठेवली आहे!

किडनीच्या रुग्णात पेशींची संख्या घटली की उरलेल्या पेशींमध्ये बीपीजी वाढतं. रक्तात फॉस्फेट साचलेलं असतं, एरवी ते हाडांना आणि रक्तवाहिन्यांना घातक, पण इथे ते बीपीजी वाढायला मदत करतं. रक्तातलं आम्ल बीपीजी बनण्याच्या आड येतं, पण तेच आम्ल थेट हिमोग्लोबिनची पकड सैल करतं. डायलिसिसनं आम्ल आणि फॉस्फेट झपाट्यानं उतरलं की पकड पुन्हा घट्ट होऊ लागते. मूत्रपिंड गप्प झालेलं असताना प्रत्येक पेशी आपल्या परीनं ही भरपाई करत असते. तिचं आयुष्यही कमी झालेलं असतं. एकशेवीस दिवसांची पेशी विषारी प्लाझ्मात त्याआधीच म्हातारी होते. विषाचा दोष अगदीच नाही असं नाही, तो इथे आहे. पण मूळ उणीव निरोपाची.

हे माणसाच्या बाबतीत ठामपणे दाखवायला हातात पुरेसं एरिथ्रोपोएटिन हवं होतं. ते कुठून आणायचं? जपानमध्ये ताकाजी मियाके यांनी अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णांची लघवी जमवली. अशा रुग्णांत निरोप येतच राहतो, ऐकणारं कुणी नसतं, म्हणून तो लघवीत उतरतो. २,५५० लिटर लघवी आटवून केलेला अर्क १९७५ च्या अखेरीस मियाके रेशमी कापडात बांधून शिकागोला घेऊन आले. गोल्डवॉसर, मियाके आणि चार्ल्स कुंग यांनी तो सात पायऱ्यांतून शुद्ध केला. १९७७ मध्ये निबंध आला. हाती लागलं होतं अवघं काही मिलिग्रॅम. ‘काही महिन्यांचं’ काम वीस वर्षांहून जास्त चाललं होतं. याच शुद्ध द्रव्याच्या आधारे पुढे ॲम्जेन या कंपनीत फू-कुएन लिन यांनी जनुक शोधलं. गोल्डवॉसरनी पेटंट घेतलं नव्हतं.

आणि माझा आवडता दुवा. १९८४ मध्ये सिएटलच्या जोसेफ एशबाख आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंड निकामी केलेल्या मेंढ्यांना एरिथ्रोपोएटिननं समृद्ध प्लाझ्मा दिला. विष रक्तात तसंच, तरी त्या निरोगी मेंढ्यांइतकाच प्रतिसाद देत होत्या. तिसऱ्या गटातल्या उंदरांनी सत्तावीस वर्षांपूर्वी जी साक्ष दिली होती, तिची ही दुसरी बाजू: निरोप परत द्या, विष फारसं आड येत नाही. १९८६ मध्ये लंडनला आणि १९८७ मध्ये सिएटलला डायलिसिसच्या रुग्णांवरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. वारंवार रक्त चढवून जगणाऱ्या, लोहानं यकृत भरून गेलेल्या माणसांचं रक्त चढवणं थांबलं. १९८९ मध्ये औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली.

मात्र औषधानं मूत्रपिंडाची समज आणली नाही. निरोगी मूत्रपिंड क्षणोक्षणी मोजून बनवतं. इंजेक्शन आठवड्याचा ठरलेला डोस देतं. हिमोग्लोबिन तेराच्या घरात नेण्याचा प्रयत्न करणाऱ्या मोठ्या चाचण्या २००६ आणि २००९ मध्ये आल्या, तेव्हा रुग्णांचं भलं होण्याऐवजी हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढल्याचं दिसलं. आता डॉक्टर साधारण दहा ते साडेअकराच्या दरम्यान थांबतात. एचआयएफवरची खूण रोखणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत. अहमदाबादच्या झायडसची डेसिडुस्टॅट भारतात २०२२ पासून मिळते. कोबाल्टनं जे आंधळेपणानं केलं, ते या गोळ्या नेमकेपणानं करतात.

आपल्याकडे किडनीच्या रुग्णाला रक्त कमी म्हटलं की घरची माणसं मायेनं बिटाचा रस, पालक, खजूर, शहाळं सुरू करतात. या माणसाला बहुतेकदा आधी उणीव असते ती निरोपाची, आणि लोह कमी असेलच तर तेही पोटातून नीट शोषलं जात नाही. वरच्या सगळ्या पदार्थांत पोटॅशियम भरपूर असतं, आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नसल्यानं हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तुमच्या घरात असा कुणी असेल तर रस द्यायच्या आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या चाचण्या करून घ्या, एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर पैशाअभावी किंवा कंटाळून मध्येच सोडू नका, आणि हिमोग्लोबिन तेरावर न्या असा आग्रह धरू नका.